सासूबाईंच्या बंदुकीची घोडी

बायकोला सातवा महिना लागला आणि ती माहेरी वडनेरला गेली. माझं काम लॅपटॉपवरचं, कुठूनही होणारं, म्हणून मागोमाग मीही गेलो. जावई दोन दिवस आला तर त्याचं काय करायचं हे त्या घराला नीट माहीत होतं. तो दोन महिने राहायला आला तर काय करायचं, याचा मात्र कुणालाच अनुभव नव्हता. त्यामुळे मी रोज नव्यानेच आल्यासारखं सगळे वागत. रोज पाटावर बसवणं, रोज गोडाचं काहीतरी, रोज आंघोळीला जाताना हातात नवा टॉवेल.

सासूबाई तर माझ्याशी थेट बोलतच नसत. मी जेवायला बसलो की त्या दाराच्या चौकटीशी उभ्या राहत, डोक्यावर पदर, आणि लेकीला म्हणत, "इचार त्यांले, अजून एक पोयी घेतात का."

मी हाताच्या अंतरावर. तरी बायको मान वळवून मला विचारायची, "घेता का?" मी तिला सांगायचो, "नको म्हण." ती आईला सांगायची, "नको म्हणतात." आणि तोवर पोळी पानात पडलेली असायची.

त्याच सुमाराला मलकापूरला सासूबाईंच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता. पट्टी निघाली आणि बाईंना जग परत सापडलं. सकाळी अंगणात उभ्या राहून त्या दिसेल ते मोठ्यानं सांगत सुटायच्या. "त्या बाभयीवर होला बसला, पा. त्याच्या गयात कायी रेघ हाय." "टाकीवर कोनी तरी नाव लिवलं, त्यातली वेलांटी चुकली." सासरे पेपरातून मान वर न करता म्हणायचे, "हाव, हाव." बायको खाटेवर पडल्या पडल्या हसायची.

एका सकाळी मी आंघोळ करून मागच्या अंगणात आलो, तर सासूबाई तिथे एकट्या उभ्या. हातात बंदूक.

घाबरण्यासारखं काही नव्हतं. छर्‍याची बंदूक, परवाना न लागणारी. शेतातली वानरं पिटाळायला सासर्‍यांनी कधीकाळी आणलेली. वानरांना तिच्या आवाजाची सवय झाली तेव्हापासून ती आतल्या खोलीत खुंटीला लटकून होती. सासूबाईंनी ती खांद्याला लावली होती, उजवा डोळा बारीक केला होता आणि भिंतीवरच्या कशावर तरी नेम धरला होता. पण त्यांचा डावा खांदा आखडलेला. डावा हात बंदुकीच्या वजनानं थरथरत होता आणि नळीचं टोक हवेत भोपळ्याएवढे गोल काढत होतं.

मला पाहिलं आणि त्यांनी झटकन बंदूक पाठीमागे लपवली. डोक्यावर पदर ओढला. नळी डोक्याच्या वर वीतभर तशीच दिसत होती.

"काही नाई," त्या भिंतीला म्हणाल्या, "धूय पुसून राह्यली होती."

मी आत येऊन बायकोला सांगितलं तर ती उठूनच बसली. "आई? बंदूक घेऊन? अहो, आई नेमबाज होती मोताळ्याची!"

मग मला सगळा इतिहास कळला. सासूबाईंचं माहेर मोताळ्याला. त्यांच्या थोरल्या भावाकडे, म्हणजे बायकोच्या मामांकडे, लहानपणापासून अशीच छर्‍याची बंदूक. भावानं शिकवलं आणि बहीण भावाच्या पुढे गेली. दर हिवाळ्यात मामांच्या शेतात हुरडा असतो, सगळं गणगोत जमतं, आणि हुरड्याच्या आधी बांधावर कवेलूचे, म्हणजे कौलांचे, तुकडे मांडून नेमबाजी होते. लग्न झालं, मुलं झाली, तरी सासूबाई दरवर्षी जाऊन भावाला हरवून यायच्या. मग खांदा आखडला आणि ते बंद पडलं. तेव्हापासून दर हुरड्याला मामा सगळ्यांदेखत विचारतात, "काय वं बाई, यंदा तरी?" आणि हसतात.

"हुरडा कधी आहे?" मी विचारलं.

"तीनेक आठवड्यांनी. का?"

मी दाराकडे पाहिलं. चौकटीशी पदर दिसत होता. मी आयुष्यात पहिल्यांदा त्या पदराशी थेट बोललो.

"आई, बंदूक हातात धरायची गरजच नाही. तिला पुढून दोन पाय लावता येतात. बायपॉड म्हणतात. वजन सगळं जमिनीवर. तुम्ही फक्त नेम धरायचा."

पदर जरा हलला. मग आतून आवाज आला, थेट मला, "थे काय असते?"

मी लॅपटॉप आणला. त्या आधी उभ्यानं पाहत होत्या, मग खाटेच्या कडेवर टेकल्या, मग माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या आणि पदर कधी खांद्यावर घसरला ते त्यांनाही कळलं नाही. पडद्यावर एक माणूस गवतात पालथा पडून बंदूक चालवत होता. बंदुकीच्या नाकाखाली दोन काळे पाय.

"हे तं घोडी हाय," सासूबाई म्हणाल्या. झालं. त्या दिवसापासून बायपॉड हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारला नाही.

घोडी निवडायला आम्हाला चार दिवस लागले. सासूबाईंनी ती लग्नाचा बस्ता बांधावा तशी निवडली. मी चित्र पुढे सरकवायचो आणि त्या नाकं मुरडायच्या. "हिचे पाय पा, बगळ्यासारके. नाई टिकाची." "हिच्या पायाले रबर नाई, फरशीवर घसरन." "ही चांगली दिसते, पण मान अशी लुळी काऊन?" मी समजावलं की मान लुळी नाही, डोलती आहे. जमीन एका बाजूला उतरती असली तरी बंदूक सरळ ठेवता येते, आणि मग स्क्रू आवळून मान पक्की करता येते. त्यांनी जरा विचार केला. "मोताळ्याचं वावर उतारालेच हाय," त्या म्हणाल्या. "डोलतीच घ्या."

राहिली उंची. घोड्या कमी-जास्त उंचीच्या येतात. पालथं पडून मारायचं तर आखूड पाय, बसून मारायचं तर लांब. सासूबाई म्हणाल्या, पडूनच मारणार, गवतातल्या त्या माणसासारखं. आता पडल्यावर त्यांना नेमकी किती उंची लागेल?

"माप घ्या की," बायको खाटेवरून म्हणाली. "अंदाजानं मागवाल आणि परत पाठवत बसाल."

म्हणून दुपारी, सासरे बाहेर गेल्यावर, मधल्या खोलीत सतरंजी अंथरली. घरात बंदूक रोखायला नको, म्हणून तिच्या जागी मुसळ घेतलं. सासूबाईंनी दार लोटलं, साडीचा काष्ट्यासारखा बोंगा खोचला आणि, देवाशपथ, पालथ्या पडल्या. मुसळाचं एक टोक खांद्याला, दुसरं हवेत. मी अंगणातून विटा आणल्या आणि गुडघ्यावर बसून मुसळाच्या टोकाखाली एकेक सरकवू लागलो.

"मान दुखते, अजून वर," त्या म्हणाल्या. मी एक वीट चढवली.

"आता लय वर झालं. ढगात नेम धरू का?" मी वीट काढली. एक आडवी करावी की उभी, असा विचार करत मी ती वीट हातात उचलून धरली होती, नेमकं तेव्हा दार उघडलं.

शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या होत्या. हातात वाटी. त्यांना दिसलं ते असं: घरची बाई जमिनीवर पालथी पडलेली, तिच्या डोक्याशी जावई गुडघे टेकून बसलेला, आणि त्याच्या हातात वीट.

"अवं माय!" काकू किंचाळल्या. वाटी पडली आणि खोलीभर गरगरत फिरली.

"अवं काही नाई!" सासूबाई पडल्या पडल्याच ओरडल्या. "घोडीचं माप घेऊन राह्यले जावईबापू!"

यानं काकूंचं काही समाधान झालं नाही. बायको पोटाला दोन्ही हात लावून हसत होती आणि मधून मधून "मला हसवू नका, मला हसवू नका" म्हणत होती. विरजण न घेताच काकू गेल्या. संध्याकाळी सासरे बसस्टँडवरून घरी आले, चपला काढल्या, पाणी प्यायले, आणि माझ्यासमोर येऊन अतिशय गंभीरपणे बसले.

"जावईबापू," ते म्हणाले, "हे विटेचं काय हाय?"

पार्सल आलं त्या दिवशी मी एक मीटिंग अर्ध्यात सोडली. घोडी काळीशार, घडीची. बटण दाबलं की पाय खटकन बाहेर. सासूबाईंनी ते खटकन इतक्या वेळा केलं की सासर्‍यांनी पेपर घेऊन पुढच्या अंगणात बसणं पसंत केलं. सोबत नळीला आवळायची एक पकड होती. मी वाचलं, घोडी नळीवर चढवली, स्क्रू आवळले. बंदूक आपल्या दोन पायांवर मागच्या अंगणात उभी राहिली, एखाद्या पाळीव जनावरासारखी. आम्ही तिघांनी टाळ्या वाजवल्या.

मग मी छर्रा भरायला गेलो.

या जातीची बंदूक मधून मोडते. नळी खाली दुमडायची, आत दांडी सरकते, स्प्रिंग ताणली जाते, मग छर्रा घालून नळी परत सरळ करायची. घोडी नळीवर. त्यामुळे मी नळी दुमडली तशी घोडीही खाली फिरली आणि तिचे दोन पाय थेट माझ्या पोटात. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. मी घोडी जरा पुढे सरकवली, मग जरा मागे, कशीतरी बंदूक भरली. मागच्या भिंतीशी गोवर्‍यांचा रचलेला हुडवा होता, त्याला पुठ्ठा टेकवून ठेवला. सासूबाई पालथ्या पडल्या, नेम धरला, खटका दाबला. पुठ्ठा जागच्या जागी. वरच्या एका गोवरीतून मात्र धूर निघाल्यासारखा भुसा उडाला.

दुसरा छर्रा उजवीकडे. तिसरा कुठे गेला ते कळलंच नाही.

"माया डोया चांगला हाय," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा पडला होता. "घोडीच वाईट हाय."

मी रात्री वाचत बसलो आणि मग कळलं. जी नळी दुमडते तिच्यावर वजन टांगायचंच नसतं. जरा ताण आला की नेम बदलतो. घोडी हवी नळीच्या मागे, लाकडावर. पण आमच्या बंदुकीच्या लाकडाला खालून लांब खाच होती, ती दांडी आतबाहेर व्हायला. स्क्रू मारायचा तर मारणार कुठे? नेमकी जागा हवी तिथे पोकळी.

दुसर्‍या दिवशी सासूबाई आणि मी बंदुकीचं गाठोडं करून रिक्षानं नांदुर्‍याला वेल्डिंगवाल्या चाचांकडे गेलो. चाचा सासर्‍यांच्या ओळखीचे, नांगराचे फाळ, गेट, ट्रॉली, सगळं त्यांच्याकडे. गाठोडं सोडलं तशी त्यांची मुद्रा उजळली.

"इसमें क्या है," ते म्हणाले, "टाका मारून देतो. एकदम पक्का."

"कशाला टाका?"

"नयीले. घोडीले. दोघाईले एकत्र."

मी सांगितलं, नळीला वेल्डिंग नको. ते म्हणाले, मग खालच्या दांडीला मारतो. मी म्हणालो, दांडी हलली पाहिजे. ते म्हणाले, मग मागे खटक्याजवळ मारतो. मला वाटतं त्या बंदुकीचा असा एकही भाग नव्हता ज्याला ते टाका मारायला तयार नव्हते. वेल्डिंगचा चष्मा त्यांनी डोक्यावर चढवूनच ठेवला होता, आम्ही कुठल्याही क्षणी हो म्हणू या आशेनं.

सासूबाई इतका वेळ स्टुलावर बसून बंदुकीकडे पाहत होत्या. एकदम म्हणाल्या, "शेवयाची मशीन कशी बसवते आपन?"

आम्ही दोघं त्यांच्याकडे पाहू लागलो.

"खाटेच्या माच्याले. माचं मधात, वरून एक पत्ती, खालून स्क्रू. माच्याले भोक पाडते का आपन? नाई पाडत. दोन बाजूनं धरून आवयते. तसं लाकडाले दोन अंगानं धरा. खाच राहू द्या मोकयी."

चाचांनी चष्मा खाली घेतला. "भाबी," ते म्हणाले, "थोडा टाका तरी लागनच ना त्याले?"

"पत्तीले मारा," सासूबाई उदार होऊन म्हणाल्या. "पत्तीले किती बी मारा."

दोन पत्त्या, खालून वाकवलेली जोडपट्टी, घोडीला बसवायला एक खुंटी. पहिली पट्टी उथळ झाली; नळी दुमडली की दांडी तिच्यावर अडकायची. चाचांनी ती ठोकून जरा खोल केली. लाकडाला ओरखडे पडू नयेत म्हणून आतून ट्रॅक्टरच्या ट्यूबचं रबर चिकटवलं. बंदूक दुमडली, सरळ केली, पुन्हा दुमडली. घोडी जागच्या जागी. मग आम्ही तिथंच, रस्त्याच्या कडेला, चाचांच्या गेटच्या पत्र्यावर घोडी उभी करून पाहिली. बघायला सायकली थांबल्या. एकानं विचारलं, "काय हाय हो हे?" चाचा कमरेवर हात ठेवून म्हणाले, "शेवयाची मशीन."

घरी परत तेच अंगण, तोच हुडवा. या वेळी पुठ्ठ्यावर बायकोनं आपल्या पाकिटातली मोठी लाल टिकली चिकटवली. घोडी लाकडावर होती तरी पहिले काही छर्रे थोडे वरच जात होते. कडक फरशीवर बंदूक उसळी मारते, हे मग आमच्या लक्षात आलं. सासूबाईंनी पायांखाली गोधडीचा तुकडा घातला. आखडलेला डावा हात पुढे नेण्याची आता गरजच नव्हती. तो त्यांनी मागे, खांद्याशी टेकणार्‍या दस्त्याखाली ठेवला. तिथं टेकण म्हणून माझ्या एका मोज्यात हरभरे भरून त्याची उशी केली. मूठ आवळली की दस्ता केसभर वर, सोडली की केसभर खाली.

खटका वाजला. लाल टिकली मधोमध फुटली होती.

 मग बायकोनं दुसरी टिकली चिकटवायला सांगितली. मग तिसरी. आठवडाभरात घरातल्या टिकल्या संपल्या. लाल, मरून, खड्यांच्या, चंद्रकोरी. सासरे दुकानातून टिकल्यांची पाकिटं आणू लागले आणि दुकानदार त्यांच्याकडे कसं पाहतो हे तक्रारीच्या सुरात सांगू लागले. मी मीटिंगमध्ये असलो की बंदूक सासरे भरून देत, आणि मागून एकेक खटका ऐकू यायचा आणि पाठोपाठ सासूबाईंचं "हाव!" पुण्याहून माझा साहेब विचारायचा, "तुमच्याकडे काही चालू आहे का?" मी म्हणायचो, "नाही, सासूबाई आहेत."

हुरड्याच्या दिवशी आम्ही एक जीप ठरवून मोताळ्याला गेलो. डॉक्टरांनी बायकोला हळू गाडीनं जायला हरकत नाही म्हटलं होतं, म्हणून ड्रायव्हरला आम्ही खड्डा दिसला की थांब असंच सांगितलं होतं. तो बिचारा सारखा थांबत होता. मामांच्या शेतात आगटी पेटली होती, ज्वारीची कणसं भाजत होती, मामी शेंगदाण्याची चटणी कुटत होत्या. बांधाच्या पोटाशी कवेलूचे तुकडे ओळीनं मांडलेले, मागे मातीचा उंच ढीग. मामा सत्तरीचे, अंगानं भरपूर, आवाजानं त्याहून भरपूर.

"काय वं बाई," त्यांनी सगळ्यांदेखत विचारलंच, "यंदा तरी?"

"हाव," सासूबाई म्हणाल्या.

मामांचं हसू तोंडातच राहिलं. मी गाठोडं सोडलं. घोडीचे पाय खटकन उघडले. माणसं आगटी सोडून गोळा झाली.

"हे काय?" मामा म्हणाले. "कुबडी?"

"घोडी हाय."

"कुबडी लावून मारशीन तं थे काय नेम धरनं झालं? हे चालाचं नाई."

"भाऊ, तू चष्मा लावून मारतं. थो काढ मंग."

मामांनी चष्म्याला हात लावला. मग त्यांनी सासर्‍यांकडे पाहिलं, की दाजी, तुम्हीच सांगा. सासरे हुरडा खात होते. त्यांनी तोंडातला घास संपवला आणि म्हणाले, "मले हुरड्याशी मतलब हाय." हा निकाल बहिणीच्या बाजूनं आहे असं सगळ्यांनी मानलं.

मामांनी आधी मारलं. उभ्यानं, पोट पुढे काढून, जुन्या सवयीनं. पाचातले तीन तुकडे उडाले. लोकांनी वाहवा केली. आमच्या डोळ्यांदेखत पाच नवे तुकडे मांडले गेले, "बांधाकडे कोनी जायाचं नाई" असं मामांनी ओरडून सांगितलं, आणि सासूबाईंनी सतरंजी अंथरली.

भरीत करणार्‍या बायका वांगी हातात घेऊन उठल्या. सासूबाई पदर खोचून पालथ्या पडल्या तेव्हा कुठून तरी "अगंबाई" असं आलं. मी शेजारी गुडघ्यावर बसलो. बंदूक ताणणं माझ्याकडे, कारण ते त्यांच्या खांद्याला झेपत नसे. भरून दिली. त्यांनी श्वास सोडला. खटका.

छर्रा तुकड्यांच्या खाली मातीत.

मामांचं पोट हसताना दिसलं. मी वाकून पाहिलं. काळ्या मऊ मातीत घोडीचा डावा पाय रुतला होता, आणि सगळी बंदूक त्या बाजूला कलली होती. मी घाईघाईनं पाय एक खाच लांब केला, गोधडी चौपदरी केली, मान सैल करून सरळ केली, पुन्हा आवळली. "आई, आता बघा. जरा थांबा, अजून थोडं. हा. नाही, थांबा..."

"हालू नको बे!"

अख्ख्या शेतात शांतता पसरली. आगटीत कणसं तडतडत होती तेवढीच. सासूबाईंनी जावयाला, गर्भार लेकीच्या नवर्‍याला, सगळ्या भावकीदेखत बे म्हटलं होतं. मामींच्या हातातला बत्ता वरच राहिला. मी हललो नाही. कसा हलणार?

खटका. तुकडा उडाला. मी भरून दिलं. खटका. दुसरा उडाला. तिसरा. चौथ्याला त्यांनी जरा जास्त वेळ घेतला, मूठ आवळली, सोडली, आणि तो तुकडा दोन ठिकाणी फुटून बांधावर नाचला.

पाचातले चार. सासूबाईंनी मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, आणि आपण काय बोललो ते त्यांना आत्ता आठवलं. "अवं माय," त्या म्हणाल्या आणि तोंड सतरंजीत खुपसलं. त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं रडतात. पण त्या हसत होत्या, आवाज न फुटता, आणि मग तो फुटला. झाडाखाली खुर्चीवर बसलेली बायको हसत होती, मामी हसत होत्या, मीही सतरंजीच्या कडेला आडवा झालो होतो आणि मला थांबता येत नव्हतं.

मामा मात्र हसत नव्हते. ते घोडीकडे पाहत होते.

"सरक," ते बहिणीला म्हणाले. "मले पाहू दे."

मामा पालथे पडले. म्हणजे त्यांचं पोट जमिनीला लागलं, बाकीचे मामा दोन्हीकडे अधांतरी राहिले. बंदूक त्यांच्या हनुवटीच्या बरीच खाली. "पाय आखूड हायेत हिचे," ते म्हणाले. "घोडीचे का तुये?" बहिणीनं विचारलं. मी घोडीचे पाय शेवटच्या खाचेपर्यंत लांब केले. मामांनी नेम धरला आणि तुकडा उडवला, आणि सत्तरीचा तो माणूस जमिनीवर पडल्या पडल्या पाय झाडू लागला. "अरे वा! अरे हे तं... भर, भर, अजून भर!" त्यांनी एकामागून एक सगळे तुकडे उडवले. मग त्यांना उठवायला तिघं लागले, कारण त्यांना उठायचंच नव्हतं.

"यात काय मजा," ते कपडे झटकत सगळ्यांना सांगू लागले, "कोनी बी मारन."

"मी बी?" मामींनी विचारलं. आयुष्यात त्यांनी बंदुकीला हात लावला नव्हता. बत्ता बाजूला ठेवून, हात लुगड्याला पुसून त्या आल्या, पडल्या, आणि पहिला तुकडा चुकला तरी दुसरा उडाला. मग भरीतवाल्या बायकांची रांग लागली. मग सासरेही आले, हुरड्याची मूठ खिशात घालून. भरीत जळालं, चटणी तशीच खलात राहिली, कवेलू संपले म्हणून कुणीतरी फुटक्या माठाचे तुकडे आणले. मी बंदूक भरून भरून थकलो. सासूबाई सतरंजीच्या टोकाशी उकिडव्या बसून प्रत्येकाला शिकवत होत्या, "श्वास सोड. आता दाब. अवं, डोया कोनता मिटला तू? थो नाई, दुसरा!"

उन्हं कलली. रस्त्यावरून जीपवाला हॉर्न वाजवत होता. अंधार पडायच्या आत घरी सोडायचं त्यानं कबूल केलं होतं आणि आम्हीही कबूल केलं होतं. हॉर्न वाजत राहिला, कुणी लक्ष दिलं नाही. शेवटी तो बांधावरून चालत आला, चिडलेला, हातात किल्ली.

"मावशी, किती वेय झाला? मले परत चिखलीचं भाडं हाय!"

सासूबाईंनी त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं, जसं घोड्या निवडताना पाहत होत्या तसंच. मग सतरंजीवरची जागा हातानं झटकली.

"हाव, जाऊ," त्या म्हणाल्या. "चप्पल काढ. पड इथी."

तो उभा राहिला. चपला काढल्या. किल्ली खिशात घातली, आणि पडला.